वाटीची अळंबी

श्रावणात सरूबाईच्या घरात मटण-मासे शिजत नसत, आणि तिच्या धाकट्या लेकाला, लवूला, तिखट रश्शाशिवाय घास उतरत नसे. म्हणून श्रावण लागला की सरूबाई कापडी पिशवी घेऊन रानात शिरायची. बोरीवली पूर्वेला नॅशनल पार्कच्या कुंपणाला पाठ लावून त्यांची बैठी चाळ होती. सरूबाईच्या दारातून भाजक्या खोबऱ्याचा वास सुटला की आज तिला अळंबी गावली हे सगळ्यांना कळायचं. शेजारणींना वासावरच समाधान मानावं लागे. सरूबाई कुणाला फोड देत नसे, आणि जागाही सांगत नसे.

चौऱ्याऐंशी सालच्या श्रावणात तिनं पहिल्यांदा सुनेला सोबत नेलं. सुगंधा लालबागची. गिरणीच्या भोंग्यावर वाढलेली मुलगी. सरूबाईच्या थोरल्याशी, बाळाशी, लग्न झालं तेव्हा तो कापडाच्या गिरणीत साच्यावर होता. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, आणि तो आता दहिसरला प्लास्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या कारखान्यात जायचा. सरूबाईला वाटायचं, ही सून आली आणि घराची वाट लागली. हे ती मनात ठेवत नसे.

रविवार होता. कुंपणाच्या फटीतून दोघी आत गेल्या. नेहमीच्या वारुळांवर काही नव्हतं; कुणीतरी आधीच नेलं होतं. सरूबाई चिडली आणि पुढे चालत राहिली, वनखात्यानं लावलेल्या निलगिरीच्या पट्ट्यापर्यंत. तिथं सालपटांच्या कचऱ्यात, ओळीनं, पांढरीशुभ्र अळंबी उभी होती. मोठी, स्वच्छ, एकही किडा नसलेली.

सरूबाई खाली बसली. हल्ली तिला बारीक नीट दिसत नसे. तांदळातले खडेही ती बोटांनीच काढायची आणि कुणी विचारलं तर उजेड कमी आहे म्हणायची. तिनं एक अळंबी बुडापासून उपटली, देठावरून बोट खाली नेलं आणि तिचा चेहरा उजळला.

"बघ, खाली वाटी आसा. ही आमची पेंढ्यातली अळमी. वाडीत पेंढ्याच्या उडव्याखाली येता ती."

सुगंधानं वाकून पाहिलं. देठाच्या बुडाशी खरंच अंड्याच्या फुटक्या टरफलासारखी वाटी होती.

"आई, पण इथं पेंढा कुठाय?"

सरूबाईनं मान वर केली. "तुका रान दाखवूक आणलंय. माका शिकवूक नाय."

"नाही, मी आपलं विचारलं."

"गपचूप भर पिशयेत."

सुगंधानं भरली.

घरी आल्यावर तिनंच ती धुतली, मातीचे बुंधे कापून मोरीबाहेरच्या डब्यात टाकले, वाटप वाटलं. दोन अळंब्या अजून मिटलेल्या होत्या. त्या सरूबाईनं उद्यासाठी टोपलीत झाकून ठेवल्या. शिजवताना वास असा सुटला की लवू दोनदा झाकण उघडून गेला. लवू पंचविशीचा, गॅरेजमध्ये कामाला, चाळीच्या गोविंदा पथकात वरच्या थरावर चढणारा. घरात सुगंधाशी कुणी हसून बोलत असेल तर तो.

जेवायला बाळा आणि लवू बसले. सरूबाई वाढत होती. सुगंधाचं ताट तिनं समोर ठेवलं, त्यात भाकरी आणि लसणीची चटणी.

"वैनीला पण वाढ ना गं," लवू म्हणाला.

"तिका संशय आसा. मगे तिका कित्याक?"

"कसला संशय?"

"विचार तिका. पेंढा खंय म्हणता. लालबागात पेंढे बघल्यान असतीत हिणा."

बाळा हसला. त्याचं ते हसणं सुगंधाला झोंबलं. लवूनं आई वळल्याचं बघून आपल्या ताटातल्या दोन फोडी उचलल्या आणि हळूच तिच्या भाकरीवर ठेवल्या. सुगंधानं त्या परत त्याच्या ताटात टाकल्या.

"खा तुम्हीच, भावोजी. मला नको कुणाचं उष्टं."

बाळानं ते पाहिलं. लवूनं खांदे उडवले आणि दोन्ही फोडी एका घासात खाल्ल्या. सरूबाईनं शेवटी टोप भाकरीनं पुसून घेतला.

पहाटे लवूला उलट्या सुरू झाल्या, मग बाळाला. उजाडेपर्यंत दोघांच्या पोटात पाणी ठरेना. सरूबाईला कमी होतं, पण तीही भिंत धरून चालत होती. शेजारच्या शांताबाईच्या नवऱ्यानं रिक्षा आणली आणि सुगंधानं तिघांना पालिकेच्या रुग्णालयात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं सलाइन लावलं आणि विचारलं, "काय खाल्लं?"

"अळंबी."

"उरलीय का? असेल तर कॉलेजात नेऊन दाखवा. मला नुसतं अळंबी म्हणून काय कळणार? वनस्पतिशास्त्राच्या बाई आहेत तिथं, अनुपमा बाई. त्यांना सांगा मी पाठवलंय."

सुगंधा घरी गेली. टोपलीतल्या दोन अळंब्या आणि बाहेरच्या डब्यातले मातीचे बुंधे तिनं स्टीलच्या डब्यात भरले. त्या दिवशी कॉलेजला सुट्टी निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा गेली तेव्हा बाई भेटल्या. अनुपमा बाई चाळिशीच्या, खादीची साडी, चष्मा साखळीला अडकवलेला. त्यांनी डबा उघडला, एक अळंबी चिमट्यानं उचलली. टोपलीत ठेवताना मिटलेली अळंबी एव्हाना उघडली होती.

"ही कुठं मिळाली?"

"निलगिरीखाली. पार्कात."

बाईंनी अळंबीची छत्री उलटी केली. आतली पाती कागदासारखी पांढरी. देठाच्या गळ्याशी एक पातळ पापुद्रा फाटक्या झालरीसारखा लोंबत होता. बाईंनी बुंधा बोटांनी साफ केला आणि वाटी मोकळी केली. मग पात्यांवरची भुकटी काचेवर घेतली, तिच्यावर आयोडीनचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकात डोळा घातला.

"बीजाणू निळे पडतायत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "सगळे निळे पडतायत."

त्यांनी वर पाहिलं तेव्हा त्या हसत होत्या, परीक्षेत पहिला नंबर आलेल्या मुलीसारख्या. "अमॅनिटा. इकडं ही मी आजवर पुस्तकातच पाहिली. हिची इथं कुणी नोंद केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही." मग समोरच्या सुगंधाकडे त्यांचं लक्ष गेलं आणि हसू मावळलं. "किती जणांनी खाल्ली?"

"तिघांनी. पण आता बरे आहेत. काल संध्याकाळपासून उलटी थांबलीय. धाकटा दीर तर उठून बसलाय."

बाई स्टुलावर बसल्या. चष्मा काढून हातात धरला.

"सुगंधाताई, हे बरं वाटणं खरं नसतं. ह्या विषाची तीच रीत आहे. आधी पोट बिघडतं, मग उतार पडतो, माणूस हसतो-बोलतो. आणि तोवर आत यकृत सडत असतं. मग कावीळ दिसते."

"मग?"

"मग डॉक्टरांच्याही हातात फारसं काही राहत नाही."

दोघी रुग्णालयात आल्या. डॉक्टरनं ऐकून घेतलं, दोनदा विचारून खात्री करून घेतली, आणि म्हणाला, "ह्यावर उतारा नाही आपल्याकडे. ग्लुकोज चालू ठेवतो. पण पेशंटला बोलू नका. घाबरवून काय मिळणार?" बाई मान हलवून निघून गेल्या. जाताना त्यांनी उरलेली अळंबी डब्यासकट मागून घेतली.

वॉर्डात लवूच्या खाटेभोवती पथकातली पोरं जमली होती. तो मांडी घालून बसला होता आणि बिस्किटं खात होता.

"वैनी, आलीस? हे बघ, झकास आहे मी. ह्यांना सांग, चार थर माझ्याशिवाय लागायचे नाहीत. घरी चल, बांगड्याचं तिखलं कर. श्रावण गेला खड्ड्यात."

सरूबाई आपल्या खाटेवरून उठून आली होती. तिचाही चेहरा फुलला होता. "सोडा म्हणावा आता. पोराक काय झाला नाय. माझी अळमी बरीच होती. हिचा तेल जुना असतला."

"भावोजी, घरी नका जाऊ," सुगंधा म्हणाली.

"का गं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या ओठाला बिस्किटाचा चुरा लागला होता. तिला वाटलं, आत्ता बोललं नाही तर हा उठून चालायला लागेल.

"आई, इकडं या," तिनं सासूला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात सांगितलं. कॉलेजच्या बाई काय म्हणाल्या, कावीळ कशी येईल, उतार कसा फसवा असतो, सगळं. "त्यांना इथंच राहू द्या. निदान सलाइन तरी चालू राहील."

सरूबाईनं तिच्या तोंडात भडकावली. आवाज अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेला.

"काळ्या जिभेचा मेला! माझ्या झिलाक मराण मागतंस? आये, ऐकलंत सगळ्यांनी? हिका लवू मरूक हवो!"

पोरं मागं सरकली. लवू हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "काय यार वैनी, तू पण." त्याच संध्याकाळी तो सही करून घरी गेला. बाळाला मात्र उठवत नव्हतं, म्हणून तो राहिला.

बुधवारी लवू मित्रांबरोबर मैदानावर जाऊन बसला. गुरुवारी त्याचे डोळे हळदीसारखे झाले आणि तो आईला ओळखेनासा झाला. रुग्णालयात परत आणला तेव्हा तो खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून थर मोजत होता, मोठ्यानं, पुन्हा पुन्हा पहिल्यापासून. शुक्रवारी दुपारी तो गेला.

सरूबाईच्या पोटात टोपातलं पुसलेलंच गेलं होतं, ती निभावली. बाळाही पिवळा पडला, पण वाचला. का वाचला ते डॉक्टरला सांगता येईना. कमी खाल्लं असेल, म्हणाला.

स्मशानातून माणसं परतली तेव्हा सरूबाई अंगणात बसली होती. सुगंधा पाण्याची बादली घेऊन दारात आली आणि सरूबाईनं तिच्याकडे बोट केलं.

"तिका ठावक होता! तिणा आधीच सांगितल्यान, मरतलो म्हणान! अळमी तिणा आणल्यान, तिणा रांधल्यान, आणि तिणा एक घास खाल्ल्यान नाय!"

"आई, तुम्हीच उपटलीत ती. मी विचारलं होतं पेंढा कुठाय म्हणून..."

"माका पेंढो शिकवता! चाळीस वरसां मी अळमी काढतंय. माझ्या हातून कोण मेला? विचार!"

कुणीही विचारलं नाही. चाळीत सरूबाईच्या हातून खरंच कुणी मेलं नव्हतं. सुगंधा मात्र जेवली नव्हती, आणि मरण तिनं आधीच सांगितलं होतं.

पोलीस चौकीचा हवालदार जबाब घ्यायला रुग्णालयात आला तेव्हा सुगंधा बाळाच्या उशाशी उभी होती आणि सरूबाई पायथ्याशी बसली होती.

"अळंबी कुणी आणली?"

बाळानं बायकोकडे पाहिलं, मग आईकडे. सरूबाईचा पदर डोळ्याला होता.

"मला माहीत नाही साहेब. मी नुसता जेवलो."

"बायकोनं का नाही खाल्लं?"

सुगंधानं बाळाकडे पाहिलं. त्यानं एवढंच सांगायचं होतं, आईनं वाढलं नाही. तीन शब्द.

"आठवत नाही," बाळा म्हणाला आणि डोळे मिटले.

हवालदार कॉलेजातही गेला. अनुपमा बाईंनी सरळ सांगून टाकलं, उतार फसवा असतो, पुढे कावीळ येते, हे ह्या बाईला मीच बोलले, तिला आधी काही ठाऊक असायचं कारण नाही. अपघात म्हणून कागद मिटला. चाळीत मात्र काही मिटलं नाही. नळावर सुगंधा आली की बायका आपले हंडे तिच्या हंड्यापासून बाजूला ओढायच्या. शांताबाईच्या नातीला तिनं पेरूची फोड दिली, तर शांताबाईनं पोरीच्या तोंडात बोट घालून ती काढली आणि गटारात फेकली. सरूबाईचा भाऊ भिकाजी गावाहून आला होता. तो रोज संध्याकाळी ओट्यावर बसून, सुगंधाला ऐकू जाईल असं बोलायचा. "बाळा, अशी बाईल घरात ठेवूची नाय. तेरावा झाला काय हिका माहेराक पोचव."

बाळा घरी आला होता. भिंतीला टेकून बसायचा आणि भाताची पेज प्यायचा, आईच्या हातची.

एक दिवस अनुपमा बाई चाळीत आल्या. त्यांना ताज्या अळंब्या हव्या होत्या, आणि जागा बघायची होती. सुगंधा त्यांच्याबरोबर रानात गेली. घरात बसण्यापेक्षा ते बरं होतं. निलगिरीखाली पुन्हा नवी ओळ उगवली होती. बाई गुडघ्यावर बसल्या, कॅमेरा काढला, फोटो घेतले. रोपांच्या मुळांबरोबर ही परक्या मातीतून आली असावी, असा त्यांचा अंदाज होता. त्या भराभर बोलत होत्या. सुगंधा त्यांच्याकडे बघत होती. ह्याच मातीतून काढून घरी नेलेलं खाऊन एक माणूस मेला, आणि ह्या बाईच्या गालावर लाली चढली होती.

"एक कळत नाही," बाई उठताना म्हणाल्या. "तुमच्या सासूबाई जाणत्या आहेत म्हणता. त्यांनी हिला काय समजून उचललं?"

"पेंढ्यातली अळंबी. खाली वाटी असते म्हणून."

बाई थांबल्या. "बरोबर. त्या अळंबीलाही वाटी असते. पण तिची पाती गुलाबी होतात आणि देठाला झालर नसते. त्यांच्या गावात वाटी म्हणजे खायची. इथं वाटी म्हणजे मरण. हे मला लिहायला हवं. सासूबाईंना दोन्ही दाखवून विचारता आलं असतं तर... पण नको. आत्ता त्यांना कसं विचारायचं."

सुगंधानं त्या पांढऱ्या ओळीकडे पाहिलं.

"विचारा ना. बुधवारी तेरावं आहे. या तुम्ही. पेंढ्यातली मी मिळवून देते, गोरेगावच्या तबेल्यात गवताच्या गंजी असतात."

"सगळ्यांसमोर? बरं दिसेल का ते?"

"सगळ्यांसमोरच त्या नीट सांगतील. त्यांना त्यांचं ज्ञान सांगायला आवडतं."

बाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. त्यांना कळलं नाही असं नव्हतं. पण त्यांना उत्तरही हवं होतं.

तेराव्याला ओटा भरला होता. पथकातली पोरं आली होती, गावची माणसं होती, शांताबाई आणि नळावरच्या बायका होत्या. जेवणाआधी अनुपमा बाईंनी सरूबाईपुढं वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर दोन अळंब्या ठेवल्या. एक तबेल्यातली, करड्या डोक्याची, आतून गुलाबी. एक पांढरी.

"आजी, मला शिकायचंय," बाई म्हणाल्या. "ह्यातली तुमच्या वाडीत खातात ती कुठली?"

सरूबाई पंधरवड्यात म्हातारी झाली होती. पण प्रश्न ऐकून तिची पाठ ताठ झाली. भिकाजी कौतुकानं पुढं सरकला. तिनं आधी करडी उचलली, चाचपली, नाकाशी नेली.

"ही सडलेली आसा. काळी पडली." तिनं ती बाजूला टाकली. मग पांढरी घेतली. बोट देठावरून खाली गेलं आणि वाटीत थांबलं. "ही. ही आमची. बघ कशी निर्मळ. माझ्या लवूक ही..." तिनं ती वर धरली. "ही खायची."

कुणाला काही कळलं नाही. बाईंना कळलं आणि त्या वर्तमानपत्र गुंडाळायला लागल्या.

"बाई, सांगा ना त्यांना," सुगंधा म्हणाली. "ती कसली ते सांगा."

"राहू दे, सुगंधाताई."

"सांगा. मामांना ऐकू दे. शांताबाईंना ऐकू दे."

अनुपमा बाईंनी खाली बघत सांगितलं. "जी खाऊन लवू गेले, ती हीच. आजींच्या हातात आहे ती."

पथकातला एक पोरगा ओट्यावरून उतरून चालता झाला. शांताबाईनं पदर तोंडाला लावला. भिकाजीनं बहिणीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. सुगंधानं ह्या क्षणाची किती रात्री वाट पाहिली होती. तिला वाटलं होतं, छातीवरचं ओझं उतरेल. ओझं उतरलं नाही. पण गोड वाटलं. खरंच गोड वाटलं, आणि ते तिनं स्वतःपासून लपवलं नाही.

"खोटा," सरूबाई म्हणाली. "माका खोटा सांगतत." ती अळंबी डोळ्यांजवळ नेऊन बघू लागली. अगदी पापणीला टेकेपर्यंत. पांढरी पाती, देठाची झालर. मग तिनं ती खाली आणली आणि तोंडात कोंबली.

सुगंधा तिच्यापासून हातभर अंतरावर होती. तिनं पाहिलं, सरूबाईचे गाल फुगले, जबडा हलला. हात पुढं करायचा होता. हात मांडीवर होता आणि तिथंच राहिला.

अनुपमा बाईंनीच झेप घेतली. म्हातारीचा जबडा दाबून धरला, बोटं घातली, चोथा ओढून काढला. सरूबाईनं त्यांच्या बोटाला चावा घेतला. भिकाजीनं पाणी ओतलं, कुणीतरी मीठ आणलं, तिला ओकायला लावलं. ती ओकली, रडली, पुन्हा ओकली. पोटात गेलं नव्हतं. "लवू रे," एवढंच ती म्हणत होती. तेराव्याचं जेवण तसंच पडून राहिलं.

संध्याकाळी खोलीत बाळा आणि सुगंधा दोघंच होती. सरूबाईला शांताबाईच्या घरी निजवलं होतं.

"हे करायची काय गरज होती?" बाळा म्हणाला. "पोलिसांनी तर मिटवलं होतं."

"तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर नसती पडली."

"ती माझी आई आहे."

"आणि मी?"

"तू हलली नाहीस," तो म्हणाला. "मी बघत होतो. आई चावत होती आणि तू बसून होतीस."

"तुम्हीही हॉस्पिटलात असेच पडून होतात."

"त्या दिवशी लवूनं तुला दिलेल्या फोडी तू त्याच्या ताटात परत टाकल्यास. ते मी हवालदाराला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही."

त्या दोन फोडी रोज सुगंधाच्या डोळ्यांपुढं यायच्या. त्या आणखी कुणी पाहिल्या असतील हे तिला सुचलंच नव्हतं. म्हणजे हा गप्प राहिला तो काही फक्त आईसाठी नाही. ह्याच्या मनात कुठंतरी तेच होतं, जे चाळीच्या मनात होतं.

"तुम्हाला वाटतं मला माहीत होतं?"

"मी असं कुठं म्हटलं?"

तिनं दोन साड्या पिशवीत भरल्या आणि दिंडोशीला मोठ्या बहिणीकडे, मीराकडे, गेली. मीराच्या नवऱ्याच्या ओळखीनं तिला औषधांच्या गोळ्या पाकिटात भरण्याचं काम मिळालं. पाळीभर पांढरी टोपी घालून ती सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहायची. कुणी घरचं विचारलं तर म्हणायची, दीर वारला, म्हणून इकडं आले.

दिवाळी झाल्यावर बाळा आला. बरा झाला होता, पण कपडे अंगावर लोंबत होते. मीरा बाजारात गेली होती. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"आई काही बोलत नाही. रानाकडे तोंड करून बसते. तिला बघायला कोणी नाही."

"चाळीत काय बोलतात?"

"आता कोण बोलतंय? सगळ्यांनी पाहिलंच ना."

"आणि तुम्ही? तुम्ही कुणाला सांगितलंत? आईनं वाढलं नव्हतं म्हणून?"

"आता ते कशाला? झालं गेलं." त्यानं हात चोळले. "घरी चल, सुगंधा. मी न्यायला आलोय."

तो पहिल्यांदाच असं बोलत होता. तिचा राग जरासा ढिला झाला. आईचं तोंड बघून घाबरलेलं, दुबळं माणूस. त्याच्याकडून अजून किती अपेक्षा धरायची? ती उठली, स्टोव्ह पेटवला, आलं ठेचून घातलं, त्याला आवडतो तसा गोड चहा केला. कपबशी त्याच्या हातात दिली आणि समोर बसली.

बाळानं कप ओठापर्यंत नेला आणि थांबला. फार नाही, एखाद्या श्वासाइतकं. त्यानं चहाकडे पाहिलं, मग ओट्यावर तिचा कप आहे का ते पाहिलं. तो नव्हता. तिनं स्वतःसाठी केलाच नव्हता.

मग तो घाईघाईनं म्हणाला, "गरम आहे," आणि फुंकर मारली.

सुगंधानं हात पुढं केला. त्याच्या हातातून कपबशी काढून घेतली, मोरीत नेऊन ओतली, कप विसळून पालथा घातला.

"जा तुम्ही," ती म्हणाली.

"अगं, मी पीतच होतो."

"मी पाहिलं."

तो चपला घालून जिना उतरला. सुगंधानं दाराला कडी लावली आणि रात्रपाळीला जायचं होतं म्हणून टोपी धुवायला घेतली.